गिरवलेले बाबा

सरकीच्या ढेपेच्या गोदामात सिनेमा तयार होणार म्हटल्यावर वर्ध्यात कोण हसलं नसेल? आर्वी नाक्याच्या पुढे पुंडलिकरावांचं ते टिनाचं गोदाम. बाहेर हमालांची जुनी बाकडी अजून तशीच पडलेली, आणि आत त्यांच्या धाकट्यानं, गजेंद्रनं, हैदराबादची नोकरी सोडून येऊन पाच संगणक मांडलेले. "ढेप भरली असती तं चार म्हशींचं पोट तरी भरलं असतं," असं खुद्द पुंडलिकराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. उन्हाळ्यात टीन तापलं की भिंतींतून ढेपेचा वास सुटायचा, आणि नवीन माणूस हमखास विचारायचा, इथं काही शिजून राह्यलं काय?

अंकिता तिथली पहिली मुलगी. अल्लीपूरहून सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. पहिलं वर्ष बियाण्याच्या जाहिरातींत नाचणारी कपाशीची बोंडं काढण्यात आणि मोबाइलवरच्या लग्नपत्रिकांत नवरा-नवरी हलवण्यात गेलं. पण हात असा होता पोरीचा की गजेंद्र कधी कधी तिच्या मागं उभा राहून नुसता बघत राहायचा. एक दिवस त्यानं सगळ्यांना चहाला गोळा केलं आणि सांगितलं, आता पूर्ण सिनेमा काढायचा. नाव ‘बसमधलं बिऱ्हाड’. लिलावातली जुनी एसटी विकत घेऊन तिच्यातच संसार थाटणारं कुटुंब: आई, बाप, दोन लेकरं आणि एक रिटायर कंडक्टर आजोबा.

"आजीपासून नातवापर्यंत सारं घर एका जागी बसून पाह्यलं पायजे असा पिक्चर," तो म्हणाला. "बस, इतकंच."

कंडक्टर म्हटल्यावर सगळ्यांनी अंकिताकडे पाहिलं. तिचे बाबा रूपराव एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, आणि पोरगी डबा विसरली की स्वतः घेऊन यायचे. त्यांची चाल तर गोदामात सगळ्यांच्या तोंडपाठ झालेली. पाय फाकलेले, गुडघे सैल, खालची फरशी डुलते आहे असा सगळा तोल. बसायच्या आधी खांद्यावरचा दुपट्टा काढून खुर्ची दोनदा झटकायची. उभे राहिले की उजवा हात आपोआप वर, नसलेल्या दांड्याकडे.

"काका, तुम्हीच आमचे आजोबा," गजेंद्र म्हणाला.

"मले पिक्चरमदे घेता? घ्या बाप्पा," रूपराव हसले. "पण पोरीले टायमावर सोडत जा. तिची गाडी हुकते."

चार दिवस शूटिंग चाललं. शूटिंग म्हणजे काय, मोबाइल तिवईवर लावायचा आणि काकांना म्हणायचं, चाला, बसा, पाणी प्या, रागवा, आलूबोंडा खा. गजेंद्र मोबाइल बंदच करायचा नाही. दुपारचं जेवण, जेवणानंतरची डुलकी, सगळं त्यात आलं. आवाजही काकांचाच ठेवला. गोदामातली माणसं पोट धरधरून हसत होती, आणि तो हशाही त्या रेकॉर्डिंगमध्ये उतरला.

त्या धंद्यात एक नियम असतो. व्हिडिओ दहादा बघायचा, मग बंद करायचा आणि आपल्या मनानं चित्रं काढायची. व्हिडिओ खाली ठेवून वरून गिरवायचं नाही. गजेंद्रनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गिरवलेलं मेलेलं उतरते. माणूस हलते, पण त्याच्यात जीव राहत नाई." एका सेकंदाला बारा चित्रं. सगळे आपले खपत होते, आणि दिवाळी तोंडावर आलेली. अंकिताच्या वाट्याला आजोबांचे सगळे सीन. ती मागं पडली, रडकुंडीला आली, आणि एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, तिनं बाबांचा व्हिडिओ पडद्यावर खाली ठेवला आणि त्यांच्या खांद्याच्या रेषेवर पेन टेकवलं.

आपल्या बापाला गिरवायला कितीसा वेळ लागतो? हात सरसर चालला. तिचं तिलाच नवल वाटलं.

संध्याकाळी गजेंद्रनं तो सीन चालवला. आजोबा दुपट्ट्यानं सीट झटकून बसतात, एवढंच. त्यानं परत चालवला. मग धीरजला हाक मारली. धीरज तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, सगळ्यांत तापट आणि सगळ्यांत प्रामाणिक माणूस. धीरज पाहतच राहिला.

"अवं अंकिता, हे तं जित्तं उतरलं," तो म्हणाला. "कसं केलं तू?"

"पाहून पाहून," ती म्हणाली. खोटं बोलताना तिची मान खाली होती. पण शाबासकी गोड लागली हेही खरंच, आणि त्यानंतर तिनं एकही सीन मनानं काढला नाही. सगळे गिरवले.

सिनेमा आला आणि पाहता पाहता पसरला. आधी वर्धा, मग नागपूर-अमरावती, मग पुण्यापर्यंत. पोरं शाळेच्या मैदानात पाय फाकवून चालू लागली. गोदामाचे पाच संगणक चाळीस झाले, टिनाखाली पांढरं छत आलं, एसी आला, दारावर काचेची पाटी आली. पुंडलिकराव आता त्याच येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावून दाखवायचे, "आपल्या गजेंद्रचा स्टुडिओ." हमालांची बाकडी रंगवून बागेत ठेवली. ढेपेचा वास मात्र एसीलाही हटला नाही.

पण सिनेमाचं काम चालू होतं त्याच दिवसांत कधीतरी रूपराव खुर्ची न झटकता बसू लागले होते. नलूच्या, म्हणजे अंकिताच्या आईच्या, लक्षात आलं ते धोतराच्या मागच्या बाजूला लागणाऱ्या धुळीमुळे. ती हसण्यावारी न्यायची. "तुये बाबा आळशी झाले वं. हिरो झाले ना." मग एक दिवस ते हिंगणघाटहून एसटीनं परत येत होते. बसायला जागा नव्हती. पहिल्याच वळणावर ते आडवे पडले. एकतीस वर्षं धावत्या गाडीत तिकिटं फाडणारा माणूस, वळणावर पडला! गाडीतल्या लोकांनी उचललं तेव्हा त्यांचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते, आणि दांडा डोक्याच्या वर वीतभर अंतरावर होता.

अंकितानं ऐकलं आणि दिवस मोजून पाहिले. दांडा पकडायचा सीन तिनं त्या आठवड्यातच पुरा केला होता.

असं काही मनात आणणंसुद्धा येडेपणा आहे, हे तिनं स्वतःला बजावलं. शिकलेली मुलगी होती ती. बाबांना मोठ्या दवाखान्यात नेलं, डोक्याचे फोटो काढले, रक्त तपासलं. सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, वय आहे, चालतं करा. पण रूपराव चालेनात. मग उठेनात. सहा महिन्यांत अशी वेळ आली की घरापुढच्या छपरीतल्या बाजेवर बसवलं तर ते बसलेले असत, निजवलं तर निजलेले. घास तोंडात ठेवला तर तो तसाच गालात राहायचा. नलू बोटानं काढून टाकायची आणि पदरात तोंड घालून रडायची.

मग एका मंगळवारी सकाळी आईचा फोन आला. ती धापा टाकत होती.

"अंकू, तुये बाबा उठले! आपल्या हातानं गिलास उचलून पाणी पेले वं! मायी कसम!"

"कधी?"

"आत्ताच. आत्ता अकरा वाजता."

अंकितानं समोर पाहिलं. मुंबईहून पाहुणे आले होते, आणि अकरा वाजता त्यांना दाखवायला म्हणून तिनं आपल्या मशीनवर आजोबांचा पाणी पिण्याचा सीन लावला होता.

तिनं फोन कानाला तसाच ठेवला. सीन मागं नेला, परत चालवला.

"अवं! अंकू! परत पेले!"

थिएटरात, टीव्हीवर, लोकांच्या मोबाइलवर तो सिनेमा लाखो वेळा चालला असेल. त्यानं काही होत नव्हतं. तिच्या मशीनवर, तिनं काढलेला सीन तिनं चालवला, की तिकडे अल्लीपूरला रूपराव तेवढं करायचे आणि सीन संपला की थांबायचे. का, ते कोणाला सांगता येणार? तिनं पंधरा दिवस सगळ्या प्रकारे पडताळून पाहिलं, वहीत वेळा लिहिल्या, आणि शेवटी ती वही फाडून टाकली.

आता पंचाईत अशी की पहिल्या सिनेमात आजोबा जेवतात एकदाच, आलूबोंड्याचे दोन घास. दोन घासांवर माणूस जगतो होय? दुसऱ्या सिनेमाचं काम सुरू झालं तेव्हा अंकितानं गोष्टीच्या मीटिंगमध्ये हात वर केला आणि म्हणाली, आजोबा जेवताना दाखवू. पुढच्या मीटिंगमध्येही तेच. आजोबा सकाळी भाकर खातात, दुपारी वरणभात खातात, पोहे खातात, ताक पितात, आंघोळ करतात, निजतात.

"काऊन वं, दर दहा मिन्टाले हा म्हातारा जेवते?" धीरज करवादला. "याच्या पोटात जंत झाले काय?"

सगळे हसले. अंकिताही हसली, आणि जेवणाच्या सुटीतलं बाबांचं ते जुनं रेकॉर्डिंग काढून घासागणिक गिरवत बसली.

आणि नशीब पाहा. लोकांना सगळ्यांत जास्त आवडलं ते तेच! घराघरांत आया लेकरांसमोर तो सीन लावून ताट वाढू लागल्या. "पाय, आजोबा जेवून राह्यले, तू बी घे एक घास." न जेवणारी पोरं जेवू लागली. गजेंद्र आनंदानं वेडा झाला. स्टुडिओचं नाव दिल्लीच्या पेपरात आलं. "अंकिता, तुले लोकायच्या घरातलं कळते," तो सर्वांदेखत म्हणाला, आणि ती मनात म्हणाली, माझ्या घरातलं तुम्हाला कळू नये म्हणजे झालं.

रोज बारा वाजता ती घरी फोन लावायची. "आई, ताट वाढलं?" "वाढलं." "लावते." पलीकडून बाबांच्या चावण्याचा आवाज यायचा. संध्याकाळी परत तेच. नलूनं हे कसं होतं असं एकदाही विचारलं नाही. नवरा जेवतो आहे, तिला बास होतं. आणि अंकिता? वर्ध्यातच खोली घेतलेली. रविवारी स्टुडिओ. पोळ्याला स्टुडिओ. दसऱ्याला आपट्याची पानं मशीनला वाहून तिथंच बसलेली. पुण्याहून चांगली नोकरी चालून आली होती, नाही म्हणाली. तळेगावचं एक स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता, तिलाही पसंत होता. त्यानं फोनवर विचारलं, लग्नानंतर चार दिवस तरी सुटी मिळेल ना? ते स्थळ गेलं. लोक म्हणायचे, पोरगी कामाला वाहून घेतलेली आहे. वाहून कसली घेते, दावणीला बांधलेली होती.

मग तिला ताप आला. डेंग्यू. तीन दिवस ती वर्ध्याच्या दवाखान्यात बेशुद्धच्या बेशुद्ध. चौथ्या दिवशी उठून बसली ती सलाईन काढायला सांगूनच. रिक्षानं स्टुडिओत गेली, पाणी पिण्याचा सीन लावला, आईला फोन केला. नलूचा आवाज खोल गेलेला होता.

"पेले. पण अंकू, ओठ फाटले वं त्यायचे. तीन दिवस थेंब नाई गेला. मी तोंडात पाणी टाकलं तं बाहेर वाहून आलं."

त्या दिवशी तिनं ठरवलं, आपण मेलो तरी बाबा जगले पाहिजेत.

लूप म्हणजे काय ते आता लहान लेकरालाही माहीत असतं. शेवटचं चित्र पहिल्या चित्राला जोडायचं. मग सीन संपतच नाही, फिरत राहतो. अंकितानं दोन मिनिटांचा एक लूप बांधला. आजोबा बाजेवर उठून बसतात. ग्लास उचलून पाणी पितात. भाताचा एक घास खातात. शेजारी बसलेल्या कोणाकडे तरी मान वळवून विचारतात, "जेवली काय, अंकू?" हे वाक्य सिनेमातलं नव्हतं; शूटिंगच्या वेळी जेवता जेवता त्यांनी खरंच तिला विचारलं होतं. मग हसतात, आडवे होतात, निजतात, उठून बसतात. मागच्या खोलीत तिनं आपलं जुनं मशीन ठेवलं, बॅटरी जोडली, ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी लावली आणि लूप सोडला. फोनवर आई हसत होती आणि रडत होती. "बोलले! अंकू, दोन वर्षांनी बोलले!"

अंकिता त्या संध्याकाळी चार वाजताच घरी गेली. बाबा छपरीत उठून बसले, पाणी प्यायले, तिच्याकडे वळून म्हणाले, "जेवली काय, अंकू?" ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. त्यांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला नाही. ते लूपमध्ये नव्हतं.

पहिले दोन आठवडे बरे गेले, असं वर्ध्यात बसलेल्या अंकिताला वाटलं. मग नलू स्वतः वर्ध्याला आली. एकटी, भर उन्हात, मे महिन्यात. स्टुडिओच्या काचेच्या दारापाशी उभी राहिली. आत यायला तयार नाही. दोन आठवड्यांत बाई निम्मी झालेली.

"बंद कर ते," ती म्हणाली.

"आई, अवं—"

"दोन मिन्टाची झोप असते काय कोणाची? दिवसभर उठते, निजते, उठते, निजते. गिलास भरला नाई तं खाली गिलास तोंडाले लावते. भात संपला तं नुसती बोटं चावते, रगत निघते. शेजारची श्यामाबाई बसाले आली होती, तिले बी ‘जेवली काय, अंकू?’ मी कानात बोळे घातले अंकू. आपल्या नवऱ्याच्या आवाजाले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मरू दे त्यायले, माय. सोड. मी सांगतो ना तुले, मी. सोड आता."

अंकितानं आईला बागेतल्या बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. मग मागच्या खोलीत गेली.

पडद्यावर आजोबा हसत होते. तिनं लूप थांबवला. पडदा स्थिर झाला. तिनं बाबांजवळ बसलेल्या शेजारच्या श्यामाबाईंना फोन लावला आणि विचारलं, बाबा काय करत आहेत?

"भात खाऊन राह्यले," श्यामाबाई म्हणाल्या. "आता तुले हाक मारली पाय."

तिनं फाइल पुसून टाकली.

"आता?"

"निजले. नाई नाई, उठले."

तिनं मशीनची वायर काढली. बॅटरी काढली. मशीन उघडून आतली डिस्क काढली आणि हातात धरून उभी राहिली. फोनमधून घटघट पाणी पिण्याचा आवाज येत होता.

सिनेमातली आजोबांची झोप काही सेकंदांचीच, म्हणून एकच उपाय उरला होता. दुसरं काही गिरवायचं. बाबा निजतात आणि नुसते निजून राहतात, बस, एवढंच. शूटिंगच्या चौथ्या दिवशी बाबांनी खुर्चीत पाऊण तास झोप काढली होती. ते रेकॉर्डिंग असणार. ती आपल्या टेबलावर आली आणि ते उघडलं.

खुर्ची होती. मागं ढेपेची पोती होती. खुर्चीच्या पाठीवर दुपट्टा होता.

बाबा नव्हते.

तिनं पहिल्या दिवसाचं उघडलं. गोदामाचं दार, रिकामी फरशी. दुसऱ्या दिवसाचं. रिकामी खुर्ची, भरलेलं ताट. गजेंद्रचा आवाज येतो, "वा काका, एकदम फर्स्ट क्लास!" आणि सगळे पोट धरून हसतात. धीरज हसतो. ती स्वतः हसते. समोर कोणी नाही.

चारही दिवस तसेच होते.

"काय झालं वं?" धीरजनं विचारलं. तो तिच्या पडद्याकडेच बघत होता. "काकांचं जुनं शूटिंग पाहून राह्यली? काय झोपायचे ना, भारी!"

"तुले बाबा दिसते त्यात?" तिनं विचारलं.

"काय?"

तिनं पडद्यावरची खिडकी बंद केली.

मायलेकी दुपारच्या एसटीनं घरी गेल्या. अल्लीपूरला उतरल्या तेव्हा ऊन डोक्यावरून कललेलं होतं, आणि गल्लीत कोणी नव्हतं.

छपरीत बाबा उठून बसले. पाणी प्यायले. ग्लास रिकामा होता.

नलू आत निघून गेली. अंकिता बाजेशेजारच्या खुर्चीवर बसली.

बाबांनी घास उचलला. चावला. मान तिच्याकडे वळवली.

"जेवली काय, अंकू?"

आणि तेव्हा पहिल्यांदा तिनं त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. सिनेमातल्या आजोबांना डोळे म्हणजे दोन काळी टिंबं होती. सोपं पडावं म्हणून. तिनं ती एकदाही हलवली नव्हती.

बाबांचे डोळे हलत होते.

तोंड हसत होतं. डोळे हसत नव्हते. ते तिच्या चेहऱ्यावर होते, मग तिच्या उजव्या हातावर गेले, मग परत चेहऱ्यावर आले, आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा," ती म्हणाली. "माह्या हातात काही नाई राह्यलं बाबा."

ते आडवे झाले. पापण्या मिटल्या. उघडल्या. उठून बसले.

ती खुर्चीवरून उठली आणि मागं सरत सरत दारापर्यंत गेली. बाबांचे डोळे तिच्याबरोबर दारापर्यंत आले, तिच्यावरच थांबले. मान मात्र त्या रिकाम्या खुर्चीकडे वळली, आणि तोंडानं खुर्चीला विचारलं, "जेवली काय, अंकू?"